कम्प्लाय मतलब शिकायत करना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अकरा वर्षं झाली. एक जिवाभावाचा दोस्त होता, तो पुण्याला गेला — आणि खरं सांगू का, तो इथं असता तरी माझं तोंड उघडलं नसतं. आज उघडतो. मध्ये थांबलो तरी पुरं करणार.

लातुरात माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. डॉक्टर घडवणारे ते बडे क्लास नव्हेत. त्यांच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर पत्र्याची एक खोली. इंग्रजी मी हिंदीतून शिकवतो. हसू नका. उदगीरकडची कानडी बोलणारी पोरं येतात, घरी दखनी बोलणारी येतात, डाळ मिलवर यूपीहून आलेल्यांची येतात — सगळ्यांना कळते ती हिंदीच. आणि दुसरं कारण कुणाला माहीत नाही. मी स्वतः इंग्रजी शिकलो ते एका हिंदी गाईडातून. मुरुडच्या शाळेत माझं इंग्रजी यथातथाच होतं. गाईडाला पेपरचं कव्हर घालायचो, म्हणजे पोरांना वाटावं, सर काहीतरी लई भारी वाचून राहिलेत.

आमच्याकडं रोज वीस क्रियापदं. एक जण पुढं उभा राहून क्रियापद आणि त्याचा हिंदी अर्थ मोठ्यानं म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. पुढं उभं राहायला मिळणं हा मान. तो बहुतेक वेळा रंजनाला मिळायचा. वडील डाळ मिलवर हमाल, घरची भाषा हिंदी, आवाज खणखणीत. तिला दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी करायची होती. वडिलांनी शब्द दिला होता — इंग्रजी बोलायला आलं तर लग्नाची घाई करणार नाही. हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नंतर लपवायला नको.

एके दिवशी यादीत 'कम्प्लाय' आलं. गाईडाचं नेमकं ते पान अर्थाच्या बाजूनं फाटलेलं. मला अर्थ येत नव्हता. "बघून उद्या सांगतो" म्हणायला माझं काय जात होतं? पण चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. कम्प्लेनच्या जवळचं काहीतरी असेल असं धरलं आणि फळ्यावर ठोकून दिलं — शिकायत करना.

रंजना उठली. हळूच म्हणाली, "सर, डिक्शनरी में तो पालन करना लिखा है. हुकुम मानना."

मला राग आला. चूक दाखवली म्हणून? नाही — ती बरोबर असणार हे तिच्या आवाजावरूनच कळलं म्हणून. मी म्हणालो, "डिक्शनरी डाल मिल से लाई क्या?" वर्ग खदखदून हसला. मग तिलाच पुढं बोलावलं आणि दहा वेळा म्हणवून घेतलं, कम्प्लाय मतलब शिकायत करना. तिनं म्हटलं. तो आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

घरी गेल्या गेल्या धाकट्या भावाची डिक्शनरी काढून पाहिलं. ती बरोबर होती.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगितलंही असतं. मास्तर चुकतात, लोक हसून सोडून देतात. पण पुढचं?

त्यानंतर रंजना पुढं उभी राहिना. काही विचारलं की खाली बघायची. पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. मिलवरून थेट आलेले, अंगावर डाळीची पिवळी भुकटी तशीच. पोरगी म्हणते मला जमत नाही, तुम्ही सांगा सर, जमेल का तिला? हात जोडून उभे होते. एका शब्दाचं काम होतं — हाव, जमेल.

मी म्हणालो, "रहने दीजिए चाचा, उसके बस की बात नहीं."

का म्हणालो? ती वर्गात असेपर्यंत मला रोज धास्ती वाटायची. ती गेली की माझं खोटंही तिच्यासोबत जाणार होतं. रागाच्या भरात नाही, चांगला विचार करून म्हणालो. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आणि नव्या बॅचला मी मुकाट्यानं बरोबर अर्थ शिकवला.

गेल्या महिन्यात ती गंजगोलाईच्या बाजारात भेटली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. पोरीला म्हणाली, सर के पैर छुओ. मग माझ्याकडं बघून हसली, "आपने तो बहुत कोशिश की सर, मेरे ही दिमाग में नहीं बैठी अंग्रेजी." पोरगी वाकली. मी पाय मागं घेतले का? नाही. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवून "खूब पढ़ो" म्हणालो. लाज कशाशी खातात, मला माहीत नाही बहुतेक.

रविवारी मिलला सुट्टी असते. रंजना लेकीला घेऊन वडिलांकडं आलेली असते, हे विचारून ठेवलंय. मी जाणार. तिघंही समोर असताना बोलणार. माफी मागणार नाही. माफी मागितली की ती देणं समोरच्याला भाग पडतं, आणि त्या घरातून मी पुष्कळ नेलेलं आहे. फक्त एक वाक्य पाठ करून ठेवलंय, हिंदीतच: चाचा, आपकी बेटी सही थी, सब उसके बस का था, और ये मुझे उस दिन भी मालूम था.