भट्टी बंद झाली त्यानंतर

वस्तीत तिला सगळे परीटवहिनी म्हणत. दवाखान्याच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायचं काम सासूच्या हातून तिच्या हाती आलं होतं. नाल्याकाठी शहराचा कचरा जाळायची भट्टी सुरू झाली आणि दोरीवरच्या चादरींवर काळे ठिपके पडू लागले. एकेक चादर तीन-तीनदा धुवावी लागे. तेही तिने चालवून घेतलं. पण नवऱ्याचा दमा वाढला, तेव्हा मात्र वहिनी पेटून उठली.

नाल्यापलीकडच्या बंगलेवाल्यांची भट्टीविरुद्ध समिती होती. त्यांची वकीलबाई तिला सुनावणीला घेऊन गेली. वहिनीने साहेबांच्या टेबलावर ठिपक्यांची चादर पसरली.

"बाई, धुऊन तरी आणायची," साहेब हसले.

"धुऊनच आणलीय, साहेब. आता आमच्या ह्यांचं फुप्फुस कसं धुऊ, तेवढं सांगा."

साहेबांचं हसू मावळलं. पुढे दोन वर्षं मोर्चे, सह्या, खेटे. शेवटी भट्टी बंद झाली. वस्तीने वहिनीला डोक्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

आठ महिन्यांनी नोटिसा आल्या. भट्टीच्या जागी उद्यान होणार होतं आणि त्याच्या हद्दीत अख्खी वस्ती येत होती. वहिनी तडक वकीलबाईकडे गेली.

"मी समितीत भांडले," वकीलबाई खाली बघत म्हणाली. "त्यांना उद्यान हवंय. घरांचं नंतर बघू म्हणतात."

"ताई, धूर सगळ्यांचा होता. मग झाडं तेवढी त्यांचीच?"

वकीलबाईने एकटीने अर्ज केला. तो फेटाळला गेला.

शहराबाहेर सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. पाणी दिवसातून अर्धा तास. चादरी कुठे धुणार? काम सुटलं. मैदानापलीकडे नवं धुराडं उभं होतं. शहराचा कचरा आता इथे जळत होता. नवऱ्याने पहिला हिवाळाही काढला नाही.

महिन्याभराने वहिनी पुन्हा सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरली. चौथ्या मजल्यावर वस्तीतलीच शिंपीण राहायची. तिने वहिनीला बसवलं, चहा दिला, पण पेन हातात घेतलं नाही.

"राग मानू नका वहिनी. मागच्या वेळी सही केली तर इथे येऊन पडलो. आता आणखी कुठे पाठवताय आम्हाला?"

 वहिनीने चहा संपवला आणि ती उठली.

कागदावर तीनच सह्या झाल्या, त्यातली एक तिची स्वतःची. तरी तिने तो पाठवला. पोचसुद्धा आली नाही.