एकसारख्या झोळ्या

बीटी कापूस नवा होता तेव्हा नांदुऱ्यातलं माझं शिवणाचं दुकान बरं चालायचं. दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली, त्यात एक मशीन आणि भिंतीला आरसा. कापूस विकला की बायका ब्लाउज शिवायला टाकायच्या. पुढे बोंडात अळी निघू लागली, फवारण्या वाढल्या, आणि माझ्याकडे नवं कापड येणं थांबलं. यायचे ते जुने ब्लाउज, उसवून सैल करायला. त्यावर दुकान चालत नाही.

त्याच वेळी एका बियाणं-औषधवाल्याने खोली भाड्याने मागितली. नवरा म्हणाला, "वेचणी होईलोक पाहू. नाही जमलं तं मशीन मांगच्या खोलीत घे."

मागच्या खोलीत गुरांच्या गोठ्यातून जावं लागतं. तिथे माप द्यायला कोणी बाई येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. म्हणजे त्या हंगामात काहीतरी नवं शिवून विकायचं, नाहीतर दुकान बंद.

वडनेर भोलजीला भावाच्या शेतात वेचणी चालू होती. तिथे जाऊन मी बांधावर बसून राहिले. बायका जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधून कापूस वेचतात. बीटीची बोंडं भरदार, झाडाला एकदम फुटलेली. ओटी लवकर भरते, पोटापुढे लोंबते, कंबर ओढते. भरली की बांधापर्यंत चालत जायचं, आपल्या फडक्यावर ओतायची आणि परत यायचं. संध्याकाळी प्रत्येकीचं गठोडं काट्यावर वेगळं चढतं, कारण मजुरी वजनावर.

घरी येऊन मी मांजरपाटाची झोळी शिवली. दोन्ही खांद्यांवर पट्टे, म्हणजे वजन कमरेवर नको. आणि एकीला दोन झोळ्या. एक भरली की बांधावर ठेवायची, दुसरी अडकवायची. ओतायला नको, फडकं नको. मला माझंच कौतुक वाटलं. भावाच्या शेतातल्या टोळीला वापरून बघायला फुकट दिल्या. टोळी चालवणारी एक वयस्कर मुसलमान बाई होती, तिला सगळ्या खाला म्हणायच्या.

आठवड्याने बाजारात भेटल्या तेव्हा विचारलं.

"लय भारी झाली बाई!"

"पाठ कशी हलकी झाली!"

मी अख्खा तागा कापून शिवायला बसले.

शिवून होत आल्यावर एका दुपारी न सांगता शेतात गेले. सगळ्यांच्या कमरेला जुनी लुगडीच. माझी एक झोळी बाभळीला टांगलेली, तिच्यात भाकरी. दुसरी अंथरून तिच्यावर कोणाचं तरी लेकरू निजवलेलं.

"काऊन घातल्या नाही?"

"नवी हाय, खराब होईन."

"धुवाले टाकली."

"आज भुललो," खाला म्हणाली, आणि मान खाली घालून वेचत राहिली.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "त्यायच्या भाकरीची सोय झाली. आता आपल्या भाकरीचं पाह्य."

पुढच्या बाजाराला मी वडनेरला झोळ्यांचा ढीग मांडून बसले आणि किंमत सांगितली. खालाने एक उचलली, उलटी केली, पट्टे ओढून पाहिले.

"फुकट होती तं चूप होतो. तू परेमानं दिली, तुले काय नाव ठेवाव? आता पैसे मांगून राह्यली, तं आयक. बांधावर साऱ्या झोळ्या एकसारख्या. कोनती कोनाची? दोघी झोंबल्या ना एकमेकीले! लुगडं असलं तं दुरून समजते, हे माह्यं गठोडं."

"नाव टाकून देते खाला."

"अन् वाचते कोन, तुह्या दुकानातला आरसा?"

सगळ्या हसल्या. मग प्रत्येकीला कंठ फुटला. पट्ट्याखाली पदर अडकतो. पांढऱ्या कापडात कापसातला काडीकचरा मालकाला लगेच दिसतो, आणि झोळी दोन दिवसांत मातीची होते. मी ऐकत बसले. एकही झोळी विकली गेली नाही, पण इतकं खरं मला महिनाभरात कोणी सांगितलं नव्हतं.

आता बचत गटांच्या प्रशिक्षणात तरुण पोरी फळ्यावर 'डिझाइन थिंकिंग' लिहितात. माणसाला विचारा, त्याची अडचण समजून घ्या, वस्तू त्याच्या हातात देऊन बघा. दुसऱ्या दिवशी 'उद्योजकता' वेगळी शिकवतात. जोखीम घ्या, किंमत ठरवा, बाजारात उभं राहा. मला हे दोन दिवस वेगळे करता येत नाहीत. तसं मी आधी विचारलं होतंच. पण आमच्याकडे घरच्या माणसाने दिलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही, भाजी खारट झाली तरी ताट पुसून खातात. किंमत सांगितली तेव्हा मी घरची राहिले नाही, दुकानदार झाले, आणि मग त्यांना बोलता आलं. विकायला बसणं हीच माझी खरी विचारपूस ठरली. उलट, नुसती विकायलाच बसले असते आणि ऐकलं नसतं, तर ढीग तसाच घरी आला असता.

मी सांगितलं, "आपापलं जुनं लुगडं आणा. मी फक्त शिलाई घेईन." पिशवी तिच्याच लुगड्याची, पट्टे मांजरपाटाचे. आधी शिवलेल्या झोळ्या उसवून त्यांच्याच कापडाचे पट्टे कापले. पट्टे पाठीवर फुलीसारखे नेले, म्हणजे पदर मोकळा राहिला. मला कापड विकत घ्यायचं उरलं नाही, आणि बायकांना गठोडं ओळखायची चिंता राहिली नाही. आधी खालाची टोळी आली, मग पिंपळगाव राजाकडच्या दोन टोळ्या.

वेचणी संपत आली तेव्हा औषधवाला फीत घेऊन खोली मोजायला आला. खाला आणि चौघीजणी आत आरशापुढे माप द्यायला थांबलेल्या. नवरा दारात.

"वहिनी, जरा बाजूले होता का? भिंत मोजतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अरे बाबू," खाला हात पसरून उभी राहिली, "रांग हाय इथं. पह्यले माह्यं माप होऊ दे."

नवरा खोकला. मग औषधवाल्याला म्हणाला, "चला, चहा घेऊ. हे खोली काही आता रिकामी होत नाही."

मी खालाच्या खांद्यावर टेप लावला.