नव्यांनी त्या दुकानातून काही घेऊ नये

जुन्या ऑनलाइन खेळात नव्याने शिरणाऱ्यांना मी जे सांगायचे ते असं. पहिल्या दिवशी जंगलात जाऊ नका. वेशीबाहेर डबकं आहे, तिथे बेडूक मारत बसा. कंटाळा येईल, येऊ द्या, कंटाळ्याने कोणी मरत नाही. बेडकाने मारलं तरी घाबरू नका. गावातल्या देवळापाशी पुन्हा उभे राहाल, अंगावरचे कपडेसुद्धा तेच. नव्यांचं मरण फुकट असतं, पुढे त्याची किंमत पडते. चकचकीत चिलखत घातलेला कोणी ‘चल, तुला मोठं करतो’ म्हणाला तर त्याच्यामागे जाऊ नका. औषधाचा पाला नदीकाठी उगवतो, तो आपणच तोडावा, आपला हात जगन्नाथ. आणि चौकातल्या विहिरीपाशी निळ्या पागोट्याचा एक माणूस दुकान मांडून बसलाय, त्याच्याकडून काही घेऊ नका.

शेवटचं सोडलं तर बाकी सल्ला अगदी खरा होता.

निळ्या पागोट्याचा माणूस म्हणजे माझा नवरा. म्हणजे त्याचा खेळातला गडी. नवरा थंडीत गेला. शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. ड्युटीवरून परतताना बीरगांवपाशी त्याच्या छातीत दुखू लागलं. त्याने मोटरसायकल कडेला घेतली, स्टँडवर नीट उभी केली, चहाच्या ठेल्यावरच्या बाकावर बसला आणि तिथेच संपला. गाडीची किल्ली ठेलेवाल्याने माझ्या हातात दिली, तेव्हा मला एवढंच वाटलं, की आता ही गाडी घरी कोण नेणार. पुढचे कित्येक महिने मला अशाच गोष्टी वाटत राहिल्या. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! पाणी गेलेल्या नळाची तोटी फिरवावी तसं झालं होतं, आतून काही येतच नव्हतं.

त्याचा तो खेळ फार जुना. राक्षस, जादूगार, किल्ले, सगळं आहे, पण चित्रं अशी की किराणा दुकानाचं कॅलेंडर बरं. लग्नाआधी, सायबर कॅफेत तासावर बसायचे त्या काळापासून तो हा खेळत होता. बरोबरचे सगळे सोडून गेले, हा राहिला. आता तिथे थोडे जुने चिवट लोक असतात आणि सुट्ट्या लागल्या की नवे येतात, कारण खेळ फुकट आहे आणि कुठल्याही डबड्या कॉम्प्युटरवर चालतो. माझ्या नवऱ्याला लढाईपेक्षा बाजारात जास्त रस. त्या खेळात एक पद्धत आहे. झोपायला किंवा ड्युटीवर जाताना आपला गडी चौकात बसवायचा, त्याच्यापुढे माल मांडायचा, भाव लिहायचा आणि कॉम्प्युटर चालूच ठेवून निघून जायचं. गडी मांडी घालून बसून राहतो. गिऱ्हाईक येतं, पैसे टाकतं, वस्तू घेतं. मालक कारखान्यात असला तरी दुकान चालू. आमच्याकडचा कॉम्प्युटर म्हणून कधी बंद व्हायचा नाही, आणि विजेच्या बिलावरून आमची दर महिन्याला जुंपायची.

त्या सकाळीही तो दुकान मांडूनच गेला होता. नव्यांना लागतं तेवढंच तो विकायचा, जीव भरून काढणाऱ्या लाल बाटल्या आणि कुठेही अडकलं तरी गावात परत आणणाऱ्या चिठ्ठ्या. भाव गावातल्या सगळ्यांपेक्षा कमी. मी एकदा म्हटलं, एवढे कष्ट करून जमवायचं आणि मातीमोल विकायचं, हा कुठला धंदा? तो म्हणाला, “नवीन पोट्टे घाबरून पळून जातात ना. मंग आमी कोनासंगं खेळावं?”

तेरावं होईपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. मागच्या खोलीत गाद्यांचा ढीग रचला होता आणि त्यामागे कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आपला चालू होता. सगळे गेल्यावर गाद्या उचलल्या तेव्हा तो मला दिसला. विहिरीपाशी, मांडी घालून, पुढे बाटल्या मांडून बसलेला.

त्याचा एक खेळातला मित्र बिलासपूरला असतो. त्याला फोन केला. तो बिचारा आधी रडला, मग त्याने सगळं समजावून सांगितलं. “भाभी, जब तक दुकान में माल है, तब तक भैया बैठे रहेंगे.” माल संपला की दुकान आपोआप उठतं. मग गडी नुसता उभा राहतो, आणि थोडा वेळ हालचाल झाली नाही की खेळ त्याला बाहेर काढतो. परत आत यायला पासवर्ड लागतो. पासवर्ड नवऱ्याच्या डोक्यात होता. मित्र म्हणाला, दुकान बंद करून पुन्हा मांडा भाभी, माल मी आणून देतो. मी नको म्हटलं. त्या बाटल्या त्याने मांडल्या होत्या, भाव त्याने घातला होता. मी पुन्हा मांडलं असतं तर ते माझं दुकान झालं असतं, आणि मला दुकान नको होतं. मला तो बसलेला हवा होता. जगात तेवढी एकच गोष्ट मला हवी होती.

म्हणून मी कीबोर्डवर टॉवेल टाकला, चुकून कोणाचा हात लागायला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालू लागले. उन्हाळा चढला तसा कॉम्प्युटर तापायला लागला, तर हॉलमधला कूलर उचलून त्या खोलीत लावला आणि मी पंख्याखाली घामाघूम बसू लागले. शिवाय बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर मी स्वतःचा एक गडी काढला, हातात काठी घेतलेली एक मुलगी. माल किती झपाट्याने संपतोय ते कळावं, एवढाच हेतू. मला तो खेळ येत नव्हता आणि आवडतही नव्हता. बेडकांनी मला सारखं मारलं. देवळापाशी उठायचं आणि विहिरीकडे चालू लागायचं. मेल्यावर माणूस काय करतो, ते मला तिथे अगदी पाठ झालं.

समता कॉलोनीतल्या एका दाताच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दुपारी सुट्टी. दुपारी घरी येऊन काठीवाली त्याच्या शेजारी उभी करायची आणि वरण-भात खायचा, असा दिवस जाई. एका जागी कायम असणाऱ्या माणसाला लोक जाणकार समजतात, हे मी काउंटरवर पाहिलंच होतं. इथेही तेच. नवे यायचे, विचारायचे, दीदी, कहाँ से शुरू करें? मी सांगायचे. बेडूक, डबकं, पाला. आणि त्या दुकानातून काही घेऊ नका, माल जुना आहे, बेडकांपुढे चालत नाही. खेळात माल जुना होत नाही. पण नव्याला काय कळतंय? मला त्याची लाज वाटली नाही. कशाचीच वाटत नव्हती.

एक नवा मात्र ऐकायचा नाही. बाई की बुवा, वय काय, देव जाणे. नावाच्या जागी कीबोर्डवर हात आपटल्यासारखी अक्षरं. रोज दुपारी यायचा, मला ओलांडून थेट नवऱ्यापुढे उभा राहायचा आणि लिहायचा, “भैया, हो क्या?” उत्तर नाही. “भैया, पैसे कम हैं, थोड़ा कम कर दो ना.” उत्तर नाही. मग जंगलात जाऊन मरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. “भैया, हो क्या?” शहाण्याला शब्दाचा मार, याला शब्दांचा डोंगर घातला तरी व्यर्थ. कधी चार पैसे जमले की एखादी बाटली घेऊन जायचा, आणि त्या दिवशी मला भात गिळवत नसे.

चैत्रात सासूबाई आल्या. तेराव्यानंतर त्या नणंदेकडे वर्ध्याला गेल्या होत्या. आल्या त्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो आणि मागच्या खोलीतून नाणी पडल्यासारखा खळ्ळ आवाज आला.

“काय वाजलं वं?”

“काही नाही आई. कोणीतरी काही घेतलं.”

“कोनापासून?”

“यांच्यापासून,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या हात धुऊन आत आल्या. कूलरसमोर उभं राहून त्यांनी पडदा पाहिला, मी सांगितलेलं सगळं ऐकलं. मला वाटलं, विचारतील हे काय खूळ, काहून वीज जाळून राहिली. खेळाबद्दल त्या अक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं.

“तेरवीले त्याचे कपडे देल्ले, जोडे देल्ले, छत्री देल्ली, गादीसुद्धा देल्ली. हे काहून नाही देल्लं?”

“आई, ते खरं नाही ना. खेळातलं आहे.”

“त्यानं जमवलं का नाही? मंग त्याचंच ना. गेलेल्या मानसाचं सामान कोनी इकते का? देते!”

“मी नाही इकून राहिली आई. ते इकून राहिले.”

हे मी बरंच मोठ्याने बोलले. बऱ्याच महिन्यांत मी मोठ्याने बोललेलं हे पहिलंच वाक्य. सासूबाई बाहेर गेल्या आणि त्यांनी ताटातला उरलेला भात झाकून ठेवला. चार दिवस आम्ही दोघींनी एका घरात राहून कामापुरतं बोलणं केलं. त्या तांदूळ निवडताना तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, पोरगं उपाशी लोकांपासून पैसे घेऊन राहिलं तिथं. आणि नाणं वाजलं की कानावर पदर ओढून घ्यायच्या. बाई हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नाही, आणि मी तर नुसती सून. पण माझाही दगडाखाली हात होता. द्यायचं म्हणजे दुकान उठवायचं, आणि दुकान उठवलं की तो गेला.

तसाही तो जाणारच होता. शाळांना सुट्ट्या लागल्या आणि नव्यांची झुंबड उडाली. मी बेडूक-बेडूक करून बोटं झिजवली, तरी बाटल्या संपत आल्या. रविवारी दुपारी पाहिलं तर तळाचा माल राहिला होता, संध्याकाळपर्यंत पुरला नसता. मी लॅपटॉपपुढे बसून राहिले. मागून सासूबाई आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. तेवढ्यात तो रोजचा नवा आला.

“हे काय लिवून राहिला तो?”

“भैया, आहात का, विचारतोय. रोज विचारतो.”

“अन् तू काय सांगते?”

“काही नाही.”

“माय वं,” त्या म्हणाल्या. “रोज दारात येऊन आवाज देते, अन् घरात असून कोनी ओ देत नाही? आमच्या घरी असं कधी झालं का?”

आवाज चढवून नाही बोलल्या. मान खाली घालून बोलल्या. त्यांना तो मुलाचा अपमान वाटत होता, माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मला तो बसलेला हवा होता, आणि त्यांना त्याचं मुकं बसणं पाहवत नव्हतं. मी उठले, मागच्या खोलीत गेले, टॉवेल बाजूला केला. त्या माझ्यामागे आल्या. त्या कळांवर त्याच्यानंतर पहिल्यांदा माझा हात पडला. दुकान बंद करायचं बटण मी दाबलं.

तो उठून उभा राहिला.

दुकान उठवलं की गडी उभा राहतो, हे मला सांगितलेलं होतं, तरी मी तयार नव्हते. इतके महिने मी त्याला बसलेलाच पाहत होते. सासूबाईंच्या तोंडून एकदम निघालं, “उठला वं!” आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी बाणाच्या कळा दाबत त्याला देवळाकडे नेलं. त्याची चाल खेळातल्या सगळ्यांसारखीच होती, पण आम्ही दोघी ती श्वास रोखून पाहत होतो. देवळापाशी नवे मरून-मरून उठत होते. त्यांच्यात तो रोजचाही होता. उरलेल्या बाटल्या, चिठ्ठ्या, इतक्या महिन्यांची साठलेली नाणी, शेवटी निळं पागोटंसुद्धा, जो समोर आला त्याला मी देत गेले. कोणाला किती दिलं ते पाहिलं नाही. सासूबाई मात्र प्रत्येकाला नीट निरखून पाहत होत्या आणि म्हणत होत्या, त्याले दे, त्याच्या अंगावर काहीच नाही.

रोजच्याला पागोटं मिळालं. त्याने लिहिलं, “भैया! आप हो!” आणि मग, “कल भी बैठोगे ना?”

“काय म्हनते?”

“उद्या बसाल का, विचारतोय.”

सासूबाई म्हणाल्या, “मंग सांग त्याले. आपन काहून खोटं बोलावं?”

मी लिहिलं, नहीं. ते नवऱ्याच्या नावापुढे उमटलं. फॉर्मवर, फोनवर, दवाखान्यात, मी शंभर वेळा लोकांना सांगितलं होतं की तो नाही. पण त्याच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं.

समोरून लगेच उत्तर आलं. “ठीक है भैया. आराम करो.”

“आता काय म्हनते?”

“म्हणतो, आराम करा,” मी वाचून दाखवलं, आणि शब्द पुरा व्हायच्या आत माझा आवाज फुटला.

“हव,” सासूबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या, जणू त्यांनाच सांगितलं होतं. मग त्याही रडायला लागल्या. आम्ही एकमेकींना धरून मोठमोठ्याने रडलो, मोहल्ला गोळा होईल इतक्या मोठ्याने. डोळे पुसून पाहिलं तेव्हा पडद्यावर कोणी नव्हतं. तो नेमका कधी गेला, ते दोघींनाही दिसलं नाही.