अंबाडीचं लाल पाणी

"पाणी लागू द्या, मंग जेवू."

सरपंच म्हणो, तलाठी म्हणो, नाहीतर फडक्यात भाकरी बांधून आणणारी एखादी म्हातारी म्हणो, आमच्या मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. बोअरच्या गाडीपाशी उभे असायचे, तिथूनच उजवा पंजा वर करायचे आणि मान हलवायचे. ज्या गावाला अजून पाणी दिलं नाही, त्या गावचं अन्न तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणी घालून दिला होता? कुणीच नाही. स्वतःच्या गळ्यात स्वतःच लोढणं अडकवून घेणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नसतो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येत होते, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि आम्हाला बसायला खुर्च्या नव्हत्या. मी नांदेडहून बदलून आलेला कनिष्ठ लिपिक. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "खुर्ची येईपर्यंत तू बोअरच्या गाडीबरोबर फीर. किती फूट गेलं, काय लागलं, लिहून आण." खुर्ची आली आणि तिच्यावर दुसराच बसला. मी आपला गाडीबरोबरच राहिलो. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. आम्ही गावात शिरलो की लोक आमच्याकडे नाही, गाडीवरच्या पायपांकडे बघायचे.

मिस्त्री नांदेड जिल्ह्यातल्या, आंध्राच्या सीमेवरच्या देगलूरकडचे. पन्नाशीचे, ठेंगणे, काटक, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मी नांदेडचा आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! "म्हंजे आपलाच माणूस की ओ!" तेव्हापासून मी त्यांचा बाबू झालो. बोलता बोलता मधेच तेलुगू शब्द घुसायचा. पाणी लागलं की पोरासारखे ओरडायचे, "नीळ्ळू! नीळ्ळू!" आणि औसा तालुक्यातली ती बिचारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

बोअर कोरडा गेला, की मात्र बघवायचं नाही. आमचा हा गडी सगळ्या गावाची माफी मागत फिरायचा. पारावर जाऊन हात जोडायचा. मी चिडायचो. म्हणायचो, "मिस्त्री, पाणी काय तुम्ही चोरून नेलंय का?"

"तसं न्हाई बाबू. सकाळपासून बाया घागरी घेऊन बसल्यात. त्यांना कुणीतरी सांगाया पाहिजे का न्हाई?"

त्यांच्या सीटमागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काचेची बाटली असायची. तिच्यात लालभडक पाणी. दिवसभर अन्न नाही, पण त्या बाटलीतले घोट चालू. एका सरपंचानं थेट लातूरला तक्रार केली, की तुमचा मिस्त्री भर उन्हात लाल दारू पिऊन बोअर मारून राहिलाय, पाणी कुठून लागणार? साहेब जीप काढून आले. बूच काढलं, वास घेतला आणि सगळ्यांदेखत एक मोठा घोट घेतला. साहेबांचे दोन्ही डोळे गच्च मिटले, एक खांदा वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

"अंबाडी हाय सायेब," मिस्त्री अदबीनं म्हणाले. "आमच्याकडं गोंगुरा म्हणतेत. त्याची बोंडं. घरच्या बाईनं वाळवून पाठवल्यात."

अंबाडीची भाजी आपल्याकडे कुणाला नवी नाही. पण ज्वारीच्या कडेनं लावलेल्या लाल अंबाडीची ती मांसल बोंडं वाळवून ठेवायची, उकळायची, गुळाचा खडा आणि मिठाची कणी टाकून प्यायची, ही त्यांच्या घरची रीत. बोंडांची पुरचुंडी देगलूरहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची. ती आली, की मिस्त्री ती आधी नाकाला लावायचे आणि मगच सोडायचे. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस! मी चेष्टा केली की लाजायचे.

"लई थंड असतंय पोटाला," म्हणायचे. घोट घ्यायचे, पोटावर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मला वाटायचं समाधानानं मिटतात. मी तरी काय अक्कल पाजळणार, चोवीस वर्षांचा होतो.

कंप्रेसरच्या आवाजानं त्यांचं डोकं कायम दुखायचं. प्रत्येक गावच्या किराणा दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायचे. सकाळी दोन, दुपारी दोन, कधी वर आणखी दोन. पोटात अन्नाचा कण नाही, आणि वरून ते आंबट पाणी. एकदा मी त्यांना गाडीच्या चाकाला डोकं टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता. मग मी ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी ओढत औशाला नेलं.

डॉक्टर म्हातारे होते, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी मिस्त्रींच्या छातीखाली बोट दाबलं तसे मिस्त्री टेबलावरून उठूनच बसले. "आत जखम झालीय," डॉक्टर म्हणाले. "अल्सर म्हणतात. त्या गोळ्या आजपासून बंद. वेळेवर जेवायचं. तिखट नको, बिडी नको."

मिस्त्रींनी सगळ्याला मान हलवली. मग हळूच विचारलं, "अन् अंबाडीचं पाणी? ते तर चालतंय न्हवं? थंड हाय."

डॉक्टर हसले. "थंड कसलं? आंबटढाण आहे ते. कुणाला सोसतं, कुणाला झोंबतं, छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. बरी माणसं पितात, पिऊ देत. तुझ्या पोटात उघडी जखम आहे. ती भरेपर्यंत नको, आणि उपाशीपोटी तर मुळीच नको."

मिस्त्री सदरा घालायला पडद्याआड गेले तेव्हा डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. "तू शिकलेला दिसतोस. लक्ष ठेव. उलटीत रक्त दिसलं, नाहीतर शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तासभरही थांबायचं नाही. असेल तसा उचलून आणायचा."

मी हो म्हणालो. अगदी ठासून हो म्हणालो.

चार दिवस बोअरना पाणी लागत गेलं आणि मिस्त्रींनी सगळं पाळलं. पाचव्या दिवशी डोकं दुखलं आणि गोळ्या आल्या. गोळ्यांमागून बाटली आली. मी भांडलो. म्हणालो, "निदान ताक तरी प्या."

"ताक?" ते हसले. "जनावरं बाजारात विकून राहिलेत लोक, अन् ताक कोण देतंय बाबू? अन् कुणी दिलं तरी मी घेतो का?"

"मग मी तुमच्या घरी मावशींना पत्र टाकतो. बोंडं पाठवूच नका म्हणून."

तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "तेवढं करू नका. तिला वाटंल, तिच्या हातचं नको झालं मला. पोटाचं बी सांगू नका. मीच सांगतो घरी गेल्यावर." आणि मी पत्र टाकलं नाही. चांगुलपणा म्हणून टाकलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय.

पुढचं गाव औशाच्या पलीकडं होतं. तीसेक घरं. दोन बोअर कोरडे गेले होते, तिसरा चालू होता. मिस्त्रींनी दोन दिवस नीट खाल्लं नव्हतं. दीडशे फूट झालं, काळा दगड. दोनशे झालं, काळा दगड. मिस्त्री फिरत्या पायपाजवळ उभे राहून उडणारी भुकटी चिमटीत धरायचे, अंगठ्यावर चोळायचे आणि फेकून द्यायचे. बायाबापड्या सकाळपासून लिंबाच्या सावलीत बसलेल्या. सावली सरकेल तशा सरकत होत्या.

दुपारी मिस्त्रींनी बाटलीतून घोट घेतला आणि थोड्या वेळानं गाडीमागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेलो. ते वाकून उलटी करत होते. दगडाच्या पांढुरक्या भुकटीवर लाल सडा पडला होता.

"मिस्त्री, हे काय?"

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अंबाडी हाय. आत्ताच पिलो की तुमच्यासमोर."

प्यायले होते. माझ्यासमोरच प्यायले होते. बाटली अर्धी झालेली मला दिसत होती. पण त्या लालात काहीतरी काळपट होतं, चहाच्या चोथ्यासारखं, आणि ते अंबाडीचं नव्हतं. हे मला आज कळतंय असं म्हणायला मला आवडेल. मला तेव्हाच दिसलं होतं. मिस्त्रींनी चपलेनं त्यावर भुकटी लोटली आणि म्हणाले, "आणखी पन्नास फूट जाऊ बाबू. आज गाडी हलली तर ह्या गावाचा नंबर परत कवा लागंल?"

बोअरच्या गाडीबरोबरची जीप समोर उभी होती. औसा तासाभरावर होतं. मी जीपकडे पाहिलं, लिंबाखालच्या बायांकडे पाहिलं आणि म्हणालो, "बरं." गावाचा कळवळा होता, नाही असं नाही. पण त्याहून खरं सांगायचं तर मी दमलो होतो, पुन्हा तेच भांडण नको होतं, आणि अंबाडी आहे म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

पन्नास फूट गेलो. तेही कोरडं. मिस्त्री पारावर गेले, त्यांनी हात जोडले. एक म्हातारी पुढं आली आणि चक्क खेकसली, "पानी न्हाई लागलं तर न्हाई लागलं! तू काय देव हाईस का? तोंड बघ कसं पांढरं पडलंय. बस हितं अन् भाकर खा." त्यांनी तिच्या पायांना हात लावला आणि भाकरी मात्र घेतली नाही. त्यांच्यापुढे मग म्हातारीनंच हात टेकले.

सकाळी त्यांना उठवायला गेलो तर अंथरूण काळ्या रक्तानं भिजलेलं होतं. मी डांबराचा वास घेतलेला आहे, हा तो नव्हता. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. औशापर्यंत बोलत होते. कोणतं गाव पुढं आहे विचारत होते, तिथं मुरूम चांगला आहे म्हणत होते. औसा मागं पडल्यावर बोलले नाहीत. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना आत घेतलं, रक्ताची धावपळ झाली, पण दुपार काही उलटली नाही.

तरुण डॉक्टर बाहेर आला. त्यानं विचारलं, "रक्ताची उलटी कधी झाली होती का? काल, परवा?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग मीच त्याला अंबाडीचं विचारलं. तो म्हणाला, आंबटानं झोंबलं असेल, दुखणं वाढलंही असेल, पण एवढी जखम सरबतानं होत नाही. ती उपाशीपोटी खाल्लेल्या गोळ्यांची करणी. "एक दिवस आधी आणला असता तर सांगता आलं असतं काही," असं तो जाता जाता म्हणाला. त्याला मला बोल लावायचा नव्हता. त्याला काही ठाऊकच नव्हतं.

महिन्याभरानं मी त्यांची ट्रंक घेऊन देगलूरकडं गेलो. घर दोन खणांचं, स्वच्छ सारवलेलं. मावशी मिस्त्रींपेक्षाही ठेंगण्या निघाल्या. त्यांनी मला पाट दिला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसून राहिल्या. अंबाडीचं त्यांना कुणीतरी बोललं होतं. गावात बोलणारे असतातच.

"दादा, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मी बोंडं पाठवीत व्हते. लोक म्हणून राहिलेत, आंबटानं आतडं कापलं. माझ्या हातानं गेले का ओ ते?"

"नाही मावशी," मी म्हणालो. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही, कारण हे खरं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, उपाशी राहण्याचं सांगितलं. पोटाचं दुखणं तुमच्यापासून का लपवलं तेही सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मीही रडलो. वाटलं, आलो ते बरं केलं.

मग त्यांनी डोळे पुसले.

"तुमी तर रोज संगं व्हता," त्या म्हणाल्या. "डाक्तर रक्ताचं इचारत व्हते म्हणं. तुमाला दिसलं व्हतं का कवा?"

मी तांब्या उचलला, दोन घोट पाणी प्यायलो. "नाही," म्हणालो.

"तेच मी समद्यांना सांगून राहिले," मावशी म्हणाल्या. "बाबूला दिसलं असतं, तर बाबूनं उचलून नेलं असतं त्यांना. ते पत्रात लिवायचे ना, बाबू हाय संगं, काळजी करू नको."