खारीचं काडतूस

अर्विड लाम्पिनेन नेम छान धरायचा, पण चाप ओढताना त्याचे डोळे आपोआप मिटायचे. लाकूड गिरणीत खांद्यावर ओंडका पडला, तेव्हापासूनची ही खोड. मोठ्या काडतुसाचा धक्का त्या खांद्याला आधीच कळायचा.

उत्तर मिशिगनच्या जंगलात सासऱ्यांचं शिकारीचं खोपट होतं, तिथे या खोडीला शिक्षा ठरलेली होती. हरीण हुकलं की सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं. तिसरं टोक लागलं की बंदूक खाली आणि जन्मभर चुलीपाशी. अर्विडची दोन लागली होती.

म्हणून यंदा त्याने बायकोची हलकी रायफल आणली. काडतूस करंगळीएवढं, धक्का नावापुरता. घरामागे त्याने या रायफलीने डब्यांवर डबे उडवले होते, तेही उघड्या डोळ्यांनी.

सासरे रेनो यांनी ते काडतूस दिव्यापाशी धरलं. "जावईबापू, खारी मारायला निघालात काय?"

"हरीण मरतं याने. गोळी जागेवर बसली की झालं."

"बसली की," मेहुणा डेल म्हणाला. "ताईची पर्सपण आणलीत का दाजी?"

खोपट हसून हसून वाकलं. अर्विडने खुंटीवरची सासऱ्यांची जबर धक्क्याची मॅग्नम रायफल काढली. लेक देतानाही दाखवली नव्हती एवढ्या मायेने रेनोंनी त्याच्या तळहातावर ती जाडजूड काडतुसं ठेवली.

सकाळी ओढ्याकाठी शिंगाळा नर आडवा उभा राहिला, फोटोला उभा राहावा तसा. अर्विडचे डोळे मिटले. गोळी पोटात गेली.

बर्फावरच्या रक्तामागे तिघे चालत गेल्यावर नर दुपारी दलदलीत सापडला. मागचे पाय गेले होते. पुढच्या पायांवर उठायचा आणि पडायचा. रेनोंनी आपल्या खांद्यावरची हलकी रायफल पुढे केली. मुद्दामच आणली होती. "घ्या. खारीचं काडतूस. संपवा."

एकच बार. नर जागच्या जागी थंड झाला.

"हीच वापरायची होती मला," अर्विड म्हणाला.

"मग हात कोणी धरला होता?"

"पण हुकलं तर नाही ना?"

"पोटात बसलेली हुकलेलीच," म्हणत डेलने सुरी काढली. "वळा दाजी."

पुढच्या मोसमात डेलचा होणारा जावई तसलीच करंगळीएवढी काडतुसं घेऊन आला. चुलीपाशी कांदे चिरणारा अर्विड हात पुसत बाहेर आला, एक उचलून त्याने दिव्यापाशी धरलं.

"काय जावईबापू," तो म्हणाला, "खारी मारायला?"

सगळ्यात मोठ्याने तोच हसला.