पप्पांना बहरीनमध्ये ठेवायचं होतं

मम्मी गेली त्या वर्षी मी पप्पांना वसईहून बहरीनला घेऊन आले, ते व्हिजिट व्हिसावर. "थोडा हवापालट होईल," एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांना परत एकटं पाठवायचं नाही, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. गॅस पेटता ठेवून ते फिरायला गेले होते, हे शेजारणीने फोनवर सांगितल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. मला भाऊ नाही, बहीण नाही.

मी इथल्या एका विद्यापीठात चिखलावर संशोधन करते. मआमीरजवळ खाडीकाठी तिवरांची जी थोडी झाडं उरली आहेत, त्यांच्या मुळाशी कारखान्यांचं काय काय येऊन साचतं, ते तपासायचं. नवरा एका हॉटेलात अकाउंट्स बघतो. हमद टाउनला आमचा भाड्याचा फ्लॅट आहे.

व्हिजिट व्हिसा वाढवून मिळतो, पण पुढच्या वेळी मिळेलच असं कोणी सांगत नाही. काउंटरवरचा माणूस हसून "इंशाल्ला" म्हणायचा आणि मी पुढच्या तारखेचे दिवस मोजत घरी यायचे. त्यात माझं कॉन्ट्रॅक्टही संपत आलं होतं. ते वाढलं नाही, तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागणार नव्हतं; पप्पांचं सोडाच, आम्हालाच गाशा गुंडाळावा लागणार होता.

एका शुक्रवारी नवरा म्हणाला, "गोल्डन रेसिडेन्सीचं बघ ना. ती मिळाली की नोकरी सुटली तरी राहता येतं. आईवडिलांनाही स्पॉन्सर करता येतं."

"आपला पगार कुठे बसतो त्यात?"

"पगारावर नाही. कर्तबगार प्राध्यापक, संशोधक, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे."

कर्तबगार! आमच्या घरात स्वतःबद्दल चांगलं बोलायची पद्धतच नव्हती. पप्पा शाळेत पीटीचे सर होते. मी धावण्यात पहिली आले, तर मेडल गळ्यातून काढायला लावून मगच मला चर्चमध्ये नेलं होतं. आणि आता मी किती मोठी आहे, हे मलाच सरकारला पटवून द्यायचं होतं. अर्ज उघडून बसले की मला घाम फुटायचा. 'अमुक शोध लावला' असं लिहायचे आणि खोडून 'अमुक शोधात सहभाग होता' असं करायचे. नवरा वैतागायचा. "सगळं तूच केलंयस ना? मग सहभाग कसला?"

शिफारशीसाठी इथल्याच कुणा जाणत्या माणसाकडे जायला हवं होतं. माझ्या विषयातले जाणते म्हणजे एक निवृत्त बहरीनी प्राध्यापक, आणि त्यांचं माझं कधी पटलं नव्हतं. माझे खाडीचे निष्कर्ष चुकीचे आहेत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. तरी गेले. दुसरं दार नव्हतं.

त्यांनी गावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतला, खजूर पुढे केले आणि सरळ विचारलं, "तुम्ही स्वतःला कर्तबगार समजता का?"

"मी काम नीट करते," मी म्हटलं. "तेवढं मला माहीत आहे."

"तुमचे आकडे मला आजही पटत नाहीत," ते म्हणाले. "पण तुमच्याशी भांडायला मला तुमचं सगळं वाचावं लागलं. बाकी कुणाचं मी सगळं वाचलेलं नाही. देतो शिफारस."

बाहेर येऊन गाडीत बसले आणि आधी नवऱ्याला फोन लावला.

मग अर्ज पाठवून वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की मी दचकायचे. मध्येच सरकारी ऑफिसातून आणखी कागद मागवले, तेव्हा आता संपलंच असं वाटलं. पप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. झालं नाही तर त्यांना वाईट वाटायला नको. ते मजेत होते. संध्याकाळी फेरी मारायचे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायचे, दुकानात दूध संपलेलं असलं की घरात शिरताना "मफी, मफी", नाही, नाही, असं इथल्या अरबीत म्हणायचे.

मंजुरी आली तेव्हा मी गुडघाभर चिखलात होते. तिथेच मोठ्याने रडले. बरोबरच्या विद्यार्थिनीला वाटलं, पायाला काच लागली.

पुढे माझ्या नावावर पप्पांचंही रेसिडेन्सी कार्ड झालं. त्या दुपारी जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. "पप्पा, आता तारखांची भानगड नाही. तुम्ही इथे कायमचे राहू शकता."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"कायमचा?"

"हो."

"म्हणजे मला इथेच पुरणार?"

नवऱ्याने घाईघाईने पाणी पुढे केलं.

"तुझ्या मम्मीच्या शेजारी जागा आहे," ते म्हणाले. "मी तिला तसं सांगितलंय. मला वाटलं, आपण थोडे दिवस आलोय."

"अहो पप्पा, कायमचं म्हणजे तसं नाही. हवं तेव्हा जा, हवं तेव्हा या."

"मग जातो. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाला."

त्यांना अडवता येईना. ते गेले आणि माझ्या जिवाला पुन्हा घोर लागला. गॅससाठी मी शेजारणीला रोज फोन करायचे. ती शेवटी म्हणाली, "अगं बाई, आता मीच त्यांना जेवायला बोलावते, तू कामं कर." परतीचं तिकीट जवळ आलं, तर पप्पांचा फोन. "नाताळ करून येतो गं." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून नवऱ्याला म्हणाले, "ते यायचे नाहीत आता." ज्या कार्डासाठी मी जिवाचं रान केलं होतं, त्यावर ते परत येतीलच असं कुठे लिहिलं होतं?

जानेवारीत ते आले. विमानतळावर सगळे प्रवासी बाहेर पडले तरी ते दिसेनात, तेव्हा मी दोनदा जाऊन विमानांचा बोर्ड बघून आले. सगळ्यात शेवटी ते आले. ट्रॉलीवर सुक्या बोंबलांचं खोकं, अंगात नवा स्वेटर.

"फादरांशी जागेचं बोलून आलो," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "तू मला नेऊन पोचवायचंस, एवढं कबूल कर. मग मी इथे म्हणशील तितका राहतो."

"कबूल," मी म्हटलं.

ते लगेच डुलक्या घ्यायला लागले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, "आणि आपण दोघं? आपली जागा कुठे?"

याचा विचार मी केलाच नव्हता. मागून गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सिग्नल हिरवा झाल्याचं आमच्या लक्षात आलं.