हरण्याचा सराव

तराजूआजोबांनी नोकरीची चौतीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात घालवली. दहा ग्रॅम चोरणारा माणूस पुढे कुठवर जाऊ शकतो याविषयी त्यांची ठाम मतं होती, आणि ती घरच्यांना तोंडपाठ झाली होती. निवृत्तीनंतर त्यांना नवे श्रोते मिळावेत म्हणून सुनेनं त्यांना जवळच्या वाचनालयात, मुलांच्या खोलीत, बिनपगारी मदतनीस म्हणून चिकटवून दिलं.

तिथे एक हिरवं कपाट होतं. चटकन रागावणाऱ्या, घाबरणाऱ्या, कुणात न मिसळणाऱ्या मुलांसाठी त्यात पुस्तकं आणि खेळ ठेवलेले. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी ग्रंथपाल ताईंना कळवलं, की एक फासा झिजलाय आणि सहाच्या आकड्याला झुकतं माप देतोय. ताईंनी फासा बदलला. दुसरा इलाज नव्हता.

बाकीच्यांनी हात टेकल्यावर ठिणगी त्यांच्या वाट्याला आली. वय आठ. हरायची वेळ आली की पट उधळून द्यायची. शनिवारच्या खेळगटात तिची उडालेली सोंगटी एका मुलीच्या भुवईला लागली, तेव्हापासून गटाचं दार बंद. ताईंची अट एकच होती: एक डाव शेवटपर्यंत नीट हरून दाखव आणि ये. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसत नसे. गट सोडला तर तिला होती फक्त मावशी आणि मावशीचं मांजर. मांजरही जरा अंतर राखूनच असे.

"आजोबा, सुरुवातीला तिला जिंकू द्या थोडं," ताई म्हणाल्या.

"म्हणजे काटा मारू?"

"अहो, आठ वर्षांची आहे ती!"

"काटा वय विचारत नाही, ताई."

तीन आठवडे आजोबा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा डाव रोज जिंकले आणि रोज गुडघे टेकून कपाटाखालून सोंगट्या वेचत राहिले. मग संतापी गेंड्याचं पुस्तक वाचायचं. गेंडा दहापर्यंत मोजतो आणि शांत होतो. ठिणगी ऐकून घ्यायची. तिचा गेंड्यावर विश्वास नव्हता.

एका बुधवारी ती जिंकली. दोन सोंगट्या मुद्दाम मारू दिल्या आणि आजोबांच्या चार उचलल्या.

"उजेड डोळ्यांवर येतोय," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, चहा गार झाला. मग, "ही सोंगटी इथे नव्हतीच."

"होती."

"नव्हती! चौतीस वर्षं मी..."

पलीकडे ताईंनी मान वर केली. आजोबांचे कान लाल झाले होते आणि हात पटाच्या कडेवर होता. तो तिथे कधी गेला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ठिणगी हसली नाही. ती त्या हाताकडे बघत होती, जाणकारानं बघावं तशी.

"पोटात गरम झालं ना? मग इथे येतं," तिनं गळ्याला हात लावला. "मग हात आपोआप जातो. दहा मोजून काही होत नाही. तुम्ही हातांवर बसा."

"काय?"

"दोन्ही हातांवर. बसा ना!"

वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक मुलांच्या बुटक्या खुर्चीत स्वतःच्या हातांवर बसले. जरा वेळानं कान निवले.

"मग तू का नाही बसत अशी?"

"मला आत्ता सुचलं."

शुक्रवारी डाव पुन्हा मांडला. मावशी पुस्तक चाळायचं नाटक करत उभी होती. अर्ध्या डावात ठिणगीच्या चार सोंगट्या उरल्या, तेव्हा ती हातांवर बसली.

"खेळणार कशी?"

"मी सांगते, तुम्ही सरकवा. ती डावीकडची, पुढे."

आजोबांनी सांगितली तशीच सरकवली आणि मग आपल्या खेळीत मारली. मग दुसरी, तिसरी गेली. शेवटचीही तिनंच सांगून पुढे पाठवली, कारण दुसरी वाटच नव्हती. आजोबांच्या बोटांना ती सोंगटी फार जड लागली. ती त्यांनी उचलली.

तिचे डोळे भरले होते, खुर्ची थरथरत होती.

"हरले?"

एखादा दयाळू शब्द शोधावा असं आजोबांना आयुष्यात प्रथमच वाटलं. सापडला नाही.

"हरलीस."

ठिणगीनं नाक खांद्याला पुसलं आणि ताईंकडे वळून विचारलं, "उद्या किती वाजता?"

ताईंनी वेळ सांगितली. हात मात्र तिनं आजोबा पट आवरून होईपर्यंत बाहेर काढले नाहीत.